खोके, पेट्या आणि हरवलेला आकडा

देवगड-रत्नागिरीचा हापूस वाशीच्या घाऊक बाजारात उतरू लागला की पहिल्या पेटीला काय भाव फुटला याची बातमी दर वर्षी येते, आणि ती पेटी कोणत्या गावची, कोणाच्या बागेतली, कोणी पाठवली आणि किती रुपयांना गेली हे सगळे त्या बातमीत असते. त्याच अंकाची दोन पाने उलटली की कोणीतरी कोणाकडे ‘दहा पेट्या’ मागितल्याची दुसरी बातमी वाचायला मिळते, आणि तिच्यात या पेट्या कशाच्या, कोणाच्या खिशातून जायच्या होत्या, त्यांचे रुपये किती होतात, हे वाचणाऱ्याने आपले आपण समजून घ्यायचे असते. शब्द एकच, पण पहिल्या बातमीतल्या पेटीचे झाकण उघडून आत डोकावता येते आणि दुसऱ्या बातमीतल्या पेटीचे झाकण मुद्दाम लावून ठेवलेले असते. लाखाला ‘पेटी’ आणि कोटीला ‘खोका’ म्हणण्याची सवय आता गुन्हेगारांपुरती किंवा मुंबईच्या गल्ल्यांपुरती राहिलेली नाही. वृत्तवाहिन्यांच्या मथळ्यांत, विधिमंडळाच्या आवारात, लग्नाच्या पंगतीत आणि शाळकरी मुलांच्या तोंडीही ती रुळली आहे. ही सवय मोडली पाहिजे, निदान सार्वजनिक पैशाबद्दल बोलताना आणि लिहिताना तरी मोडली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

हे मत शुद्धलेखनाच्या किंवा भाषाशुद्धीच्या आग्रहातून आलेले नाही. बोलीभाषेत पैशाला टोपणनावे असणे ही जुनी, स्वाभाविक आणि पुष्कळदा सुंदर गोष्ट आहे. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्या देशात दशमान नाणी आली, सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा आणि एकशे ब्याण्णव पैंचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला, तरी पंचवीस पैशांना ‘चाराणे’ आणि पन्नास पैशांना ‘आठाणे’ म्हणणे आपण सोडले नाही. पंचवीस पैशांचे नाणे ३० जून २०११ नंतर चलनातून गेले, तरीही चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला लावण्याची म्हण आज कोणाला समजावून सांगावी लागत नाही. चवली, पावली, अधेली, ढब्बू पैसा, दमडी, कवडी, शिवराई हे सगळे शब्द नाण्यांपेक्षा जास्त जगले. एखाद्याचे बोलणे ‘सोळा आणे खरे’ असते, एखादा माणूस ‘बंद्या रुपयासारखा’ असतो, कोणाची चमडी जाते पण दमडी सुटत नाही, आणि कोणी पै-पै जोडून घर बांधतो. या शब्दांनी आकडा कधीही लपवला नाही. पावली म्हणजे पाव रुपया, अधेली म्हणजे अर्धा. नावातच हिशेब होता आणि तो बाजारात भाजी विकणारीपासून सराफापर्यंत प्रत्येकाला सारखाच कळत होता.

इतकेच नव्हे, तर हे शब्द सरकारी दप्तरातही मानाने बसले होते. पीक किती आले हे ठरवताना सोळा आण्यांपैकी किती आणे पीक हाती लागले असे मोजत, म्हणून त्या मोजणीला ‘आणेवारी’ म्हणत. दशमान पद्धतीनंतर तिची ‘पैसेवारी’ झाली, आणि पन्नास पैशांच्या आत पैसेवारी आली की गावावर दुष्काळाची छाया आहे असे मानून सवलतींची चर्चा सुरू होई. सामाईक जमिनीतला भावाभावांचा हिस्साही असाच आण्यांत सांगितला जाई. कागदावर एक आणि रानात दुसरेच, असे वाद आणेवारीवरून पुष्कळ झाले, पण ते वाद होऊ शकले याचे कारणच हे होते की आणे सगळ्यांना मोजता येत होते. शेतकरी अधिकाऱ्याला सांगू शकत होता की तुम्ही लिहिलेले दहा आणे चुकीचे आहेत, रानात चला आणि बघा.

पैशाची सांकेतिक भाषा हीसुद्धा आपल्याला नवी नाही. महाराष्ट्रातल्या जुन्या व्यापाऱ्यांमध्ये ‘नंदभाषा’ चालत असे. तिच्यात तीनाला ‘उधानू’ आणि पाचाला ‘मुळू’ म्हणत, आणि दुकानातले दोन गुमास्ते गिऱ्हाइकासमोर उभे राहून गिऱ्हाइकाला पत्ता न लागू देता भाव ठरवत. जनावरांच्या बाजारात दलाल आणि खरेदीदार उपरण्याखाली एकमेकांची बोटे दाबून सौदा करत, आणि ज्याच्या दावणीचा बैल विकला जात होता तो धनी पाठीशी उभा राहून त्या हलणाऱ्या कापडाकडे बघत असे. रुमालाखालचा व्यवहार शेतमालाच्या बाजारातही होता. बाजार समित्यांच्या आवारात उघड लिलावाने भाव पुकारण्याचा नियम आला, त्यामागे हीच जाणीव होती की ज्याचा माल आहे त्याला आकडा ऐकू आला पाहिजे. आकडा मोठ्याने उच्चारला जाणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे, असे आपण तेव्हा मान्य केले. मग सरकारी तिजोरीतला, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या मालकीचा पैसा जिथे गुंतलेला असतो, तिथे आपण पुन्हा उपरण्याखाली का जावे, हा माझा प्रश्न आहे.

पेटी आणि खोका या शब्दांचा काळ आठवून पाहावा. जानेवारी १९७८ मध्ये हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या, आणि १९८७ मध्ये पाचशेची नोट येईपर्यंत शंभराची नोट हीच चलनातली सर्वांत मोठी नोट होती. त्या काळी एक लाख रुपये म्हणजे शंभराच्या हजार नोटा, दहा बंडले; ती घेऊन जायला खरोखरच छोटी पेटी लागे. एक कोटी म्हणजे हजार बंडले, आणि त्यांना भला मोठा पुठ्ठ्याचा खोका हवा. खंडणी मागणाऱ्यांच्या, फोनवरून धमकावणाऱ्यांच्या टोळ्यांनी हे शब्द ऐंशी-नव्वदच्या दशकांत मुंबईत घरोघरी पोहोचवले. व्यापारी, बांधकाम व्यावसायिक, चित्रपट निर्माते या शब्दांनी घाबरत, कारण त्यामागे पिस्तूल असे. पुढे १९९९ मध्ये संघटित गुन्हेगारीविरुद्ध मोक्का हा कायदा आला, टोळ्यांचा जोर ओसरला, पण त्यांची बोली मात्र आपण घरी ठेवून घेतली. एकेकाळी ज्या शब्दाने माणसाला कापरे भरत असे, तो शब्द आज ऐकला की लोक हसतात. भीती गेली हे चांगलेच झाले, पण भीतीबरोबर चीडही गेली, हे मात्र चांगले झाले नाही.

ही चीड कशी जाते, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकतो. दहा-बारा वर्षांपूर्वी वडील गेल्यानंतर गावाकडच्या दीड एकर कोरडवाहू जमिनीवर वारस नोंद करण्यासाठी मी आईला घेऊन एका कार्यालयात गेलो होतो. कागद सगळे पूर्ण होते. बाहेर निंबाच्या झाडाखाली पत्र्याचे टेबल टाकून बसलेल्या माणसाने अर्ज चाळला आणि अतिशय सौम्यपणे म्हणाला, “दादा, कागदावर थोडं वजन ठेवा, नाहीतर वाऱ्यानं उडेल. दोन गांधीजी पुरे होतील.” त्याने ‘लाच’ म्हटले नाही, ‘रुपये’ म्हटले नाही, ‘हजार’ही म्हटले नाही. मी पाचशेच्या दोन नोटा काढून त्याच्या प्लॅस्टिकच्या फोल्डरखाली सरकवल्या आणि त्याने त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. परतताना एसटीत आईने विचारले, “किती दिलेस?” मी म्हणालो, “दोन गांधीजी.” तिला कळले नाही. मग मी म्हणालो, “हजार रुपये.” ती काही वेळ खिडकीबाहेर बघत राहिली आणि म्हणाली, “अरे, ही तर खुरपणीच्या बाईची आठवड्याची मजुरी झाली.” त्या वर्षी आमच्याकडे खुरपणीला दीडशे रुपये रोज होता. फोल्डरखाली नोटा सरकवताना मला जे जाणवले नव्हते, ते तिच्या त्या एका वाक्याने जाणवले. दिले ते मीच दिले, आणि तो माझाच दोष होता. पण समोरच्याने मला “वारस नोंदीसाठी हजार रुपये लाच द्या” असे स्वच्छ मराठीत म्हटले असते, तर माझा हात खिशाकडे इतक्या सहज गेला नसता, हेही तितकेच खरे आहे.

लाचेच्या व्यवहारात वापरले जाणारे सगळेच शब्द असे मऊ असतात. चहापाणी, चिरीमिरी, खुशी, पाकीट, वजन, मलिदा, लक्ष्मीदर्शन, हात ओले करणे, ‘साहेबांचं बघा’, ‘समजून घ्या’: यातला एकही शब्द ऐकताना कोणाच्या तरी घरातला पैसा ओरबाडला जातो आहे असे वाटत नाही. रक्कम वाढत गेली की त्यात भर पडते ती टक्केवारीची, पेट्यांची आणि खोक्यांची. चिरीमिरीपासून खोक्यापर्यंत ही एकच शिडी आहे, आणि तिच्या प्रत्येक पायरीवर आकडा झाकलेला आहे.

आकडा झाकण्याला कायद्याच्या दृष्टीनेही मोठा अर्थ आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे तक्रार गेली की पंचांच्या समक्ष आधी मागणीची पडताळणी होते. तक्रारदाराकडे ध्वनिमुद्रक दिला जातो आणि समोरचा माणूस खरेच पैसे मागतो आहे का, किती मागतो आहे, कोणत्या कामासाठी मागतो आहे, हे नोंदवले जाते. मग नोटांचे क्रमांक पंचनाम्यात लिहिले जातात, नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पावडर लावली जाते, आणि सापळा यशस्वी झाला तर ती लागलेले हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवताच पाणी गुलाबी होते. पण पाणी गुलाबी झाल्याने खटला संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १५ डिसेंबर २०२२ रोजी दिलेल्या निकालात पुन्हा स्पष्ट केले की लाचेची मागणी आणि तिचा स्वीकार सिद्ध होणे अनिवार्य आहे; तक्रारदार हयात नसला किंवा उलटला तर परिस्थितिजन्य पुराव्यावरूनही मागणी सिद्ध करता येते, पण ती सिद्ध व्हावीच लागते. अशा वेळी ध्वनिमुद्रणात “हजार रुपये द्या” हे वाक्य असणे आणि “दोन गांधीजी घेऊन या” हे वाक्य असणे, यांत किती अंतर पडते हे सांगायला वकील लागत नाही. न्यायालये संदर्भावरून अर्थ लावतातच, पण बचावाला वाद घालायला जी फट मिळते ती या शब्दांनीच करून दिलेली असते. टेबलावर बसलेल्या त्या सौम्य माणसाला हे पक्के ठाऊक होते. गांधीजींचे नाव त्याने रसिकतेने घेतलेले नव्हते. ज्यांच्या चित्रावर सत्यमेव जयतेच्या देशाने आपल्या चलनाची इभ्रत ठेवली, त्यांचेच नाव लाचेच्या मोजमापाला दिले जावे, याचे मला आजही मनापासून वाईट वाटते.

आता मोठ्या रकमांकडे वळतो. जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली, सरकार बदलले, आणि ऑगस्टमधल्या पावसाळी अधिवेशनात विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी ‘पन्नास खोके, एकदम ओके’ अशी घोषणा दिली. फुटलेल्या आमदारांनी प्रत्येकी पन्नास कोटी रुपये घेतले, असा त्यातला आरोप होता. ज्यांच्यावर आरोप होता त्यांनी तो फेटाळला. घोषणा मात्र राज्यभर पसरली. त्या वर्षीच्या पोळ्याला काही ठिकाणी बैलांच्या अंगावरही ती रंगवली गेली. एखादे राजकीय वाक्य बैलाच्या पाठीवर रंगवले जाते, म्हणजे ते लोकांच्या मनात किती खोल गेले असेल, हे मी जाणतो आणि त्याला कमी लेखत नाही. अग्रलेखांना जे जमले नाही ते दोन यमकांनी केले, असे या घोषणेचे समर्थक म्हणतात, आणि प्रसाराच्या बाबतीत त्यांचे म्हणणे बरोबर आहे. टवाळी हे दुबळ्यांचे हत्यार असते, सत्तेला हसणे हा लोकांचा हक्क असतो, हेही मला मान्य आहे.

पण त्या हत्याराने कापले काय, हे तपासून बघायला हवे. पन्नास कोटी रुपये हा आरोप अत्यंत गंभीर आहे. तो खरा असेल तर लोकप्रतिनिधित्वाचीच विक्री झाली असे होईल, आणि खोटा असेल तर निवडून आलेल्या माणसांवर फार मोठा अन्याय झाला असे होईल. दोन्ही परिस्थितींत त्याचा छडा लागणे आवश्यक होते: कोणी दिले, कोणाला दिले, कोठून आणले, कोणत्या मार्गाने गेले. ‘खोके’ म्हटल्याबरोबर हे चारही प्रश्न गळून पडले. आरोप करणाऱ्याला पुरावा द्यावा लागला नाही, कारण त्याने रक्कम नव्हे, एक ठसकेबाज शब्द उच्चारला होता. आणि ज्यांच्यावर आरोप होता त्यांनाही कशाचे उत्तर द्यायचे हे नेमके ठरवावे लागले नाही, कारण ठसक्याला ठसक्यानेच उत्तर देऊन भागत होते. पुढे सगळ्याच पक्षांनी एकमेकांकडे खोके भिरकावले. आता तो शब्द इतक्या हातांतून गेला आहे की त्यावर कोणाचाच ठसा उरलेला नाही, आणि तो ऐकून सामान्य माणूस एवढेच म्हणतो की सगळे सारखेच. मला सर्वांत धोक्याचे वाटते ते हे उद्गारलेले ‘सगळे सारखेच’, कारण ज्याला खरोखर पैसे घ्यायचे आहेत त्याला याहून सोयीचे दुसरे वाक्य नाही.

पन्नास कोटी म्हणजे किती, हे आपण कधी नजरेसमोर आणतो का? पाचशेच्या दहा लाख नोटा होतात. पाचशेची नोट पंधरा सेंटिमीटर लांब असते. या दहा लाख नोटा टोकाला टोक लावून रस्त्यावर मांडत गेले तर दीडशे किलोमीटरची रांग होते, म्हणजे साधारण मुंबईपासून पुण्यापर्यंत. दुसऱ्या मापाने मोजायचे तर २०२४-२५ या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावरची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. एका कोटीत अशा तेहतीस हजारांहून अधिक दिवसांची मजुरी बसते; वर्षाला शंभर दिवस काम धरले तर एका मजुराची तीनशे छत्तीस वर्षे. हा एका खोक्याचा हिशेब झाला. पन्नास खोक्यांत सोळा लाखांहून जास्त मनुष्यदिवस बसतात. एका तालुक्यातले किती पाझर तलाव, किती पाणंद रस्ते आणि किती घरांची चूल त्यात मावेल, हे ज्याचे त्याने मांडून पाहावे. माझ्या आईने एसटीत केला तो हाच हिशेब होता, फक्त छोट्या रकमेचा. ‘खोका’ हा शब्द नेमका हा हिशेब होऊ देत नाही. कोटीवर किती शून्ये असतात हे तरी माणूस बोटांवर मोजतो. खोक्याला शून्येच नसतात. एक खोका, पाच खोके, पन्नास खोके; कानाला हे पाच-पन्नास पुठ्ठ्याच्या डब्यांइतकेच वाटते, आणि एक व पन्नास यांमधला एकोणपन्नास कोटींचा फरक जिभेवर काहीच वजन टाकत नाही.

आणखी एक नुकसान होते, आणि ते भाषेचे म्हणून मला जास्त लागते. या व्यवहारांनी आपले चांगले, घरगुती शब्द एकेक करून नासवले. सुपारी हा शुभकार्याचा शब्द. गणपती म्हणून आपण ती मांडतो, लग्न ठरले की सुपारी फुटते, आणि आज ‘सुपारी दिली’ म्हटले की खुनाचा करार डोळ्यांपुढे येतो. हप्ता म्हणजे आठवडा, पुढे कर्जफेडीचा ठरलेला भाग. आता बाजारात भाजीवाली ‘हप्ता’ म्हणते तेव्हा तिच्या आवाजात भीती असते. टक्केवारी हा शब्द दहावीच्या निकालाच्या दिवशी आनंदाने उच्चारायचा, पण रस्त्याच्या कंत्राटाच्या संदर्भात तो निघाला की ऐकणारे आवाज खाली आणतात. नजराण्याची गोष्ट तर बोलकी आहे: भोगवटादार वर्ग दोनच्या, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या जमिनींबाबत आजही सरकारी तिजोरीत रीतसर भरावयाच्या रकमेला नजराणा म्हणतात, त्याचे चलन असते, पावती असते, आणि त्याच शब्दाने टेबलाखालची रक्कमही सांगितली जाते, जिला काहीच नसते. कोकणातल्या ज्या कुटुंबाचे वर्ष आंब्याच्या पेटीवर चालते, मोहोर गळला की ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांच्या कष्टाच्या शब्दाने खंडणी मोजली जाते, हे मला अपमानास्पद वाटते. पेटी म्हणजे पेंढ्यात निजवलेली फळे, पेटी म्हणजे भजनातला सूर धरणारा वाद्यांचा आधार. या अर्थांना मागे ढकलण्याचा अधिकार लाखाच्या लाचेला आपणच बोलून बोलून दिला आहे.

लोकांच्या जिभेला कुलूप कसे घालणार, असे कोणी विचारील. घालता येत नाही आणि घालूही नये. कट्ट्यावर, नाक्यावर, मित्रांत माणसांनी काय बोलावे हे कोणीच ठरवू शकत नाही, आणि बोलीतल्या शब्दांची नोंद कोशकारांनी केलीच पाहिजे. पेटी आणि खोका हे शब्द या अर्थांसह मराठी कोशात असले पाहिजेत, कारण ते एका काळाचा पुरावा आहेत. माझे म्हणणे तीन जागांपुरते आहे, जिथे बोलणाऱ्याच्या तोंडी असलेल्या रकमेशी इतरांचा पैसा बांधलेला असतो. पहिली जागा विधिमंडळ. तिथे आरोप करणाऱ्याने रुपयांत आकडा सांगावा, आणि नुसता आकडा सांगून थांबू नये. दुसरी जागा वृत्तपत्रे आणि वाहिन्या. अवतरणचिन्हांत एखाद्याचे वाक्य जसेच्या तसे द्यावे लागते हे ठीक आहे, पण मथळा वृत्तपत्राचा किंवा वाहिनीचा स्वतःचा असतो, आणि त्यात ‘खोके’ लिहिणे म्हणजे मागणाऱ्याची बोली आपल्या तोंडी घेणे होय. लाच घेताना पकडलेल्याची बातमी देताना रक्कम अंकांत, अक्षरांत आणि जमेल तेव्हा त्या भागातल्या मजुरीच्या किंवा शेतमालाच्या भावाच्या मापात द्यावी. एवढे केले तरी वाचणाऱ्याला बातमीचे वजन कळेल. तिसरी जागा आपण स्वतः उभे असतो ती, म्हणजे कार्यालयाची खिडकी. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांचे शुल्क आणि मुदत कार्यालयात फलकावर लावण्याचे बंधन घातले आहे. त्या फलकाकडे बोट दाखवून “किती रुपये? पावती मिळेल का?” एवढे दोन प्रश्न मोठ्याने विचारणे हे साधे वाटते, पण ज्या व्यवहाराला कुजबुज लागते त्याला मोठा आवाज मानवत नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, मात्र ज्याला ती देणे भाग पाडले गेले त्याने सात दिवसांत कळवले तर त्याला संरक्षण आहे, आणि तक्रारीसाठी १०६४ हा क्रमांक आहे. त्या क्रमांकावर बोलतानाही पहिला प्रश्न किती रुपये मागितले हाच येणार असतो. दहा-बारा वर्षांपूर्वी मी हे केले नाही. आता मात्र मी करतो, आणि दोनदा असे झाले आहे की समोरच्याने काहीच न मागता कागद पुढे सरकवला.

आपल्याच व्यापारी परंपरेत याचे उदाहरण आहे. हुंडी, म्हणजे अमक्याला इतके रुपये द्यावेत असा लेखी आदेश, लिहिताना सराफ रक्कम अंकी लिहीत, अक्षरी लिहीत, आणि तेवढ्यावर न थांबता तिचे निम्मे करून त्याची दुप्पट असेही लिहीत: रुपये शंभर, ज्याचे निमे पन्नास, त्याची दुप्पट. शून्य वाढवायला, आकडा खोडायला, एकाचा दुसरा करायला जागाच राहू नये, ही त्यामागची काळजी होती. नंदभाषा बोलणारे व्यापारीही विश्वासाचा कागद लिहायला बसले की आकडा असा तीन तीन अंगांनी उघडा करून ठेवत. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाने तीच काळजी कायद्यात घातली. धनादेशावरचा अंक आणि अक्षरे जुळली नाहीत तर अक्षरांत लिहिलेली रक्कम खरी मानली जाते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये, म्हणजे खोक्यांची घोषणा राज्यभर गाजत असतानाच, बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला. किलोला एक रुपया भाव मिळाला. गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाता त्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश आला, आणि तोही पुढच्या तारखेचा. त्या दोन रुपयांना बोलीत कोणतेही टोपणनाव नाही. अंकांच्या चौकटीत दोन, अक्षरांच्या ओळीत दोन, असे ते लिहावेच लागले, कारण त्याशिवाय तो धनादेश बँकेत चालला नसता. पन्नास कोटींचा आरोपही त्याच चौकटीत आणि त्याच ओळीत लिहिला जावा, एवढीच मागणी मी विधिमंडळातल्या, वृत्तपत्रांतल्या आणि खिडकीसमोर रांगेत उभ्या असलेल्या मराठी बोलणाऱ्या प्रत्येकाकडे करतो आहे.